वाचणाऱ्याचा वाटा

२ जून २०२४, रविवार

सोमलिंग अण्णांनी आज बोलावून घेतलं. जोडभावी पेठेतल्या त्यांच्या खोलीत पंखा फिरतो, पण वारा काही लागत नाही. पत्रा नुसता भाजत असतो. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस बनियनवर खुर्चीत ताठ बसला होता. आयुष्यभर बिडी कामगार बायकांची युनियन चालवली, लग्न केलं नाही. मालमत्ता म्हणजे ही खोली आणि भिंतीवरचा एक फोटो. फोटोत ऐन उमेदीतले अण्णा आहेत, आणि त्यांच्या शेजारी जाड कोटातला एक गोरा माणूस.

हा गोरा माणूस म्हणजे ओन्द्रेय बर्तको, तेव्हाच्या चेकोस्लोवाकियातल्या स्लोवाकियाचे कम्युनिस्ट मंत्री. १९७४ च्या ऑक्टोबरात ते एका दिवसासाठी सोलापूरला आले होते आणि बिडी कामगार बायकांपुढे बोलले होते. दुभाषे होते आपले अण्णा. सहासष्ट साली इथल्या कम्युनिस्ट पक्षानं त्यांना तिकडे ब्रातिस्लाव्हाला शिकायला पाठवलं होतं. चार वर्षं राहून तिथली भाषा घेऊन आले.

"पन्नास वर्सं व्हत्यात," अण्णा म्हणाले. "बर्तकोवर एक पुस्तक कर. बारकं. बायकांना वाचून दाखवता यील असं."

मी म्हटलं, पक्षात लिहिणाऱ्यांचा दुष्काळ पडलाय का? मी कॉलेजात इतिहास शिकवला, मोर्चात कधी गेलो नाही.

"म्हणूनच की. पार्टीतला माणूस पार्टीसारखं लिवतो. तू सापडंल ते समदं लिव."

खोटं कशाला बोलू, छाती फुगली. निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही लिहायला सांगितलं नव्हतं. वच्छलेला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आता जेवायच्या टेबलावर कागद." लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण बायकोकडून शाबासकी मिळवायची कला काही मला साधली नाही.

९ जून

लेकीनं, अंकितानं, पुण्याहून फोनवर शिकवलं आणि आता मी कॉम्प्युटरवर स्लोवाक वर्तमानपत्रं वाचतो. म्हणजे कॉम्प्युटर वाचतो आणि मला मराठीत सांगतो. ते मराठी ऐकून आमच्या मराठी विभागाच्या प्रमुखांना घेरी आली असती, पण अर्थ कळतो.

बर्तकोंचा जन्म १९१२ चा, डोंगरातल्या गरीब गावात. बाप फिरस्ता होता. पाठीवर तारेचं भेंडोळं घेऊन गावोगाव जायचा आणि तडकलेल्या मडक्यांना तारेची जाळी विणून द्यायचा. आपल्याकडे कल्हईवाले यायचे तशातलाच प्रकार. पोरगा सोळाव्या वर्षी कापडगिरणीत लागला, संप केला, पक्षात गेला. हे वाचून मला एकदम बरं वाटलं. गिरणी, संप, उपाशी पोरं, हे सोलापूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पहिलं प्रकरण एका बैठकीत झालं.

२३ जून, रविवार

अण्णा मला कुंभारीला घेऊन गेले. पूर्वी शहरात दाटीवाटीनं राहणाऱ्या बऱ्याच बिडी कामगार बायका आता तिकडच्या वसाहतीत आहेत. शेअर रिक्षात अण्णा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, उतरताना माझा हात झिडकारला.

चंद्रव्वाच्या ओट्यावर दहा-बारा बायका सुपं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. हात थांबत नाहीत. आणि एक जण वाचत असते. आज शिवबाई पेपर वाचत होती. ही अण्णांनी फार वर्षांपूर्वी घालून दिलेली रीत आहे. रोज एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकत बिड्या वळायच्या. वाचणारीचे हात अडकतात, तिची मजुरी बुडते, म्हणून उठताना प्रत्येकीनं आपल्यातल्या थोड्या बिड्या तिच्या सुपात टाकायच्या. त्याला वाचणारीचा वाटा म्हणतात. मी ऐकून होतो, डोळ्यांनी आज पाहिलं.

"पुस्तक झालं की सरच वाचतील," अण्णांनी जाहीर केलं.

चंद्रव्वा सहासष्ट वर्षांची आहे, आवाज खणखणीत. तिला विचारलं, बर्तकोसाहेब आठवतात का? "तर वो! सोळा वर्साची व्हते मी. लालबुंद माणूस, घामानं निथळत व्हता. कोटाची बटणं येवढाली. आमी लई टाळ्या वाजवल्या."

अण्णा मधेच म्हणाले, "चल, उशीर व्हतोय." उशीर कसला, दुपारचे चार वाजले होते. उन्हाचा त्रास झाला असावा.

७ जुलै

दुसरं महायुद्ध, भूमिगत काम, नाझींविरुद्धचा १९४४ चा उठाव, बर्फातून कूच. प्रकरण झकास उतरलंय. अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "जेल आला का?"

बर्तकोंनी नऊ वर्षं तुरुंगात काढली, हे मलाही ठाऊक आहे. अण्णांच्या जुन्या पत्रकांत ते असायचं. म्हटलं, अजून सापडला नाही. तुम्ही तर तिथे राहिलात, तुम्हीच सांगा की.

"मी सांगायचं नसतंय. तू हुडक."

प्रत्येक भेटीत तुरुंगाचाच धोशा. म्हाताऱ्या माणसाला नायकाचे हाल ऐकायची घाई झालीय, दुसरं काय.

२१ जुलै

सापडला.

युद्धाच्या काळात शोधत बसलो, म्हणून सापडत नव्हता. तो तुरुंग फॅसिस्टांचा नव्हताच. बर्तको १९५१ साली पकडले गेले. तेव्हा देशात त्यांच्याच पक्षाचं राज्य होतं आणि ते स्वतः उपमंत्री होते. त्यांच्याच लोकांनी त्यांना राष्ट्रवादी गद्दार ठरवलं. खटल्यात एकापाठोपाठ एक मित्र साक्षीला उभे राहिले. १९६० साली सुटले, त्रेसष्ट साली पक्षानं सांगितलं की चूक झाली, तुम्ही निर्दोष आहात. अडुसष्टमध्ये मंत्री केलं.

मी चहा करून घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. इतिहासाच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही, असे खटले मी वर्गात शिकवलेत. पण अण्णांच्या भिंतीवरचा फोटो डोळ्यांपुढून जाईना.

२३ जुलै

पुढचं याहून वाईट आहे.

अडुसष्टच्या ऑगस्टमध्ये तिथल्या सुधारणा चिरडायला रशियन रणगाडे आले. बऱ्याच मंत्र्यांची पदं गेली, बर्तकोंचं राहिलं. १९७० साली पक्षाच्या सभासदांची छाननी झाली. एकेकाला खोलीत बोलवायचं आणि विचारायचं, रणगाडे आले ते योग्य झालं असं तुम्हाला वाटतं का? नाही म्हणाला, की पक्षातून बाहेर आणि नोकरीतूनही बाहेर. प्राध्यापक बॉयलरला कोळसा घालायला गेले. ब्रातिस्लाव्हातल्या एका समितीचे अध्यक्ष होते ओन्द्रेय बर्तको. स्वतः नऊ वर्षं भोगलेला माणूस टेबलाच्या त्या बाजूला बसला आणि माणसं बाहेर काढू लागला.

एकोणनव्वदमध्ये राज्य गेलं. त्र्याण्णवमध्ये ते एकटेच फ्लॅटमध्ये वारले.

सगळं लिहून काढलं. हे प्रकरण बाकी सगळ्यांपेक्षा चांगलं झालंय, हे मला कळतंय. त्याचंच दुःख होतंय.

२८ जुलै

अण्णांकडे गेलो. गेल्या गेल्या प्रश्न. "जेल?"

"मिळाला."

"काय मिळालं?"

मी म्हटलं, अजून जुळवाजुळव चाललीय. ते माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी तरारलं होतं. "समदं घाल रं," म्हणाले. "माझी काळजी करू नको. मी किती दिवस हाय."

किती मोठं मन! आपल्या देवावर लिहिताना लेखकाला मोकळीक देतात. त्यांना कल्पनाही नाही बिचाऱ्यांना, की त्या 'समदं'मध्ये काय आहे. सत्तर सालापर्यंत ते तिथं होते, पण परक्या विद्यार्थ्याला कोण काय सांगणार होतं? चार वर्षं वसतिगृह आणि वर्ग, एवढंच त्यांनी पाहिलं असणार. मला परत येताना रिक्षात रडू आलं.

४ ऑगस्ट

ठरवलं. ते प्रकरण गाळायचं.

त्या जागी एक वाक्य: "१९५१ ते १९६० हा काळ बर्तको यांनी सार्वजनिक जीवनापासून दूर काढला." एक अक्षर खोटं नाही. छाननीबद्दल: "सत्तरच्या दशकात त्यांनी पक्षसंघटनेची महत्त्वाची जबाबदारी सांभाळली." तेही खरंच आहे.

वच्छलेला वाचून दाखवलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "नऊ वर्षं जेल सार्वजनिक जीवनापासून दूरच की. अहो, पण अण्णांना एकदा विचारा तरी."

"झेपणार नाही त्यांना."

"तुम्हाला कसं कळलं?"

"अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाचं आयुष्य मी एका प्रकरणासाठी मोडू? आयुष्यभर ज्याला मानलं तो असा निघाला, हे मी जाऊन सांगू?"

ती टरफलं गोळा करून आत गेली. कधी कधी तिच्या गप्प बसण्याचा मला फार राग येतो.

७ सप्टेंबर

गणपती बसले. गैबीसाबच्या छापखान्यात शेवटचं प्रूफ बघितलं. गैबीसाब आणि मी एका बाकावर शिकलो. पुस्तकाचं मुखपृष्ठ त्यानं लाल केलंय, वर तो फोटो. मला म्हणाला, "सर, सब अच्छा है, पण मधे एकदम नऊ वर्षं उडी मारली तुमी. पान गहाळ झालंय का बघा."

म्हटलं, पान आहे तिथंच आहे. तू शाई बघ.

अण्णांना प्रूफ दाखवलेलं नाही. त्यांनीच मागितलं नाही. "मी ऐकीन. त्यांच्यासंगट ऐकीन," म्हणाले.

२९ सप्टेंबर, रविवार

आज कुंभारीला वाचन झालं. आत्ताच लिहून ठेवतो.

ओटा भरला होता. अण्णांसाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली. ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते, दाढी केली होती. सणाला निघाल्यासारखे दिसत होते. मी वाचायला सुरुवात केली. तारवाल्या बापाचं ऐकून बायका खूश. बर्फात मोजे नसल्यानं पायाला चिंध्या बांधल्या, तिथे कडेला बसलेल्या खातूनबीनं तोंडाला पदर लावला. चंद्रव्वा अगदी समोर बसली होती. अण्णा तिच्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

मग ते वाक्य आलं. "१९५१ ते १९६० हा काळ..."

अण्णांनी हात वर केला. "परत वाच."

परत वाचलं.

"म्होरं?"

"पुढे १९६८ मध्ये ते मंत्री झाले."

हात तसाच वर राहिला, मग हळूच खाली मांडीवर आला. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी शेवटपर्यंत वाचलं. बायकांना पुस्तक आवडलं, टाळ्या वाजवल्या. टाळ्या सुरू झाल्या तसे अण्णा खुर्चीत आक्रसले. चंद्रव्वा जोडलेल्या बिड्यांची जुडी घेऊन माझ्यापुढे आली. वाचणाऱ्याचा वाटा.

अण्णा म्हणाले, "त्याला देऊ नको."

सगळ्या बघायला लागल्या.

"ह्यानं वाचलं न्हाई," अण्णा म्हणाले.

चंद्रव्वाला काही कळेना. जुडी हातात घेऊन ती तशीच उभी. मला वाटलं, ओट्यावरून खाली उडी मारून पळावं. चार महिने मान मोडून काम केलं, त्याचा हा सत्कार! मी चप्पल घातली आणि एकटाच मिळेल त्या रिक्षानं घरी आलो. वच्छलेनं विचारलं कसं झालं, तर तिच्यावरच ओरडलो.

३० सप्टेंबर

भांडायला गेलो होतो.

अण्णा कालच्याच सदऱ्यात बसलेले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "तुला सापडलं व्हतं न्हवं? मग का गाळलंस?"

"तुम्हाला झेपणार नाही असं वाटलं."

"मला?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "आरं, मी तितं व्हतो की."

मग त्यांनी सांगितलं. मधे मधे थांबत होते, मी त्यांना पाणी देत होतो. ते म्हणाले तेवढं लिहितो.

ब्रातिस्लाव्हात अण्णा एका शाळामास्तरच्या घरी राहायचे. त्याचं नाव पावोल. भाषा त्यानंच शिकवली, चार वर्षं त्याच्या ताटात जेवले. सत्तर साली पावोल बर्तकोंच्या समितीपुढे गेला, रणगाड्यांना नाही म्हणाला, आणि इस्पितळाच्या बॉयलरवर कोळसा घालायला लागला. अण्णांना पक्षाचा निरोप आला, त्या घरातून बाहेर पड. अण्णा पडले. तुरुंगाचं, समितीचं, सगळं त्यांना तेव्हापासून माहीत आहे.

चार वर्षांनी तेच बर्तको सोलापूरला आले. सभेत अण्णांनी ओळख करून दिली, नऊ वर्षं तुरुंगात काढलेला माणूस. बायकांतून सोळा वर्षांची चंद्रव्वा उठली आणि विचारलं, "सायेब, तुमाला जेलात कुणी टाकलं?"

अण्णांनी प्रश्न भाषांतर करून सांगितला. दूतावासाचा माणूस बाहेर गाडीपाशी सिगारेट ओढत होता. बर्तकोंनी दाराकडे बघितलं, मग पोरीकडे बघितलं, आणि म्हणाले, "आमच्याच माणसांनी. आणि मी अजून त्यांच्यातच आहे."

"मी मराठीत काय सांगितलं, ठावं हाय?" अण्णा म्हणाले. "दुश्मनानं टाकलं म्हनलं. आन कसल्या टाळ्या पडल्या!"

बर्तकोंना वाटलं, टाळ्या आपल्या उत्तराला पडल्या. ते तिथेच रडले. नंतर गाडीत अण्णांचा हात धरून म्हणाले, "हे मला माझ्या देशात कधी बोलता आलं नाही. तुझ्या बायकांनी ऐकून घेतलं." अण्णांनी हात सोडवून घेतला नाही. काही बोललेही नाहीत.

"त्योबी फसला, ह्याबी फसल्या. मधी मी," अण्णा म्हणाले. "तवा वाटलं, बायकांचं मन मोडंल. लढा मोडंल. नंतर दर वर्सी ठरवायचो, औंदा सांगायचं. चंद्रव्वा म्होरं बसली की तोंडातनं शब्द फुटत न्हाई. म्हणून तुला धरलं. तू हुडकशील, तू वाचशील, म्या नुसतं बसंन. मग ती इचारंल आन मग मला सांगता यील."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय मागे ओढले. असलं त्यांना आवडत नाही.

"येत्या आयतवारी वाच," म्हणाले. "हातानं लिवलेलं आसंल तरी चालतंय."

मी म्हटलं, असं कसं? नीट दुसरी आवृत्ती काढू, ते प्रकरण घालून. छापलेलं हातात असलं की कुणी नाकारणार नाही.

ते "बरं" म्हणाले.

६ ऑक्टोबर, रविवार

सकाळीच अण्णांचा फोन. "आज आयतवार हाय." त्यांना समजावलं की काम चालू आहे. प्रस्तावना नव्यानं लिहितोय. प्रस्तावनेत दुभाषा या भूमिकेचा थोडा तात्त्विक विचार घेतलाय, तो फार चांगला जमतोय.

१२ ऑक्टोबर, दसरा

आपट्याची पानं द्यायला अण्णांकडे गेलो. ते म्हणाले, "सोनं घेतलं. पुस्तक?" गैबीसाबकडे दिवाळीची कामं आहेत, आणि त्यात निवडणूक लागणार, पत्रकांचा ढीग येणार. म्हटलं, दिवाळी झाली की लगेच.

"ते कागद हायती न्हवं तुझ्यापाशी?"

"आहेत. पण दुरुस्त्या आहेत हो त्यात, खाडाखोड."

अण्णा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. "मास्तर, बिडी वळताना कोन खाडाखोड बघतंय?" मीही हसलो आणि गुळाचा खडा तोंडात टाकून घरी आलो.

२४ ऑक्टोबर

सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला. अण्णा गेले. आंघोळीचं पाणी तापवायला ठेवलं आणि खुर्चीत बसले ते बसलेच.

२७ ऑक्टोबर

काही लिहवत नाही. हाताशी कागद होते. तीन रविवार गेले. वच्छला काहीच बोलत नाही आणि या वेळी मला तिचा राग येत नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

३ नोव्हेंबर

शोकसभा. हॉल भरला होता. कुणीतरी दारात माझं पुस्तक वाटत होतं, तेच लाल, पहिलं. पक्षाच्या एका वक्त्यानं भाषणात त्यातलं वाक्य वाचलं: "सार्वजनिक जीवनापासून दूर काढला." म्हणाला, काय संयमी लेखणी आहे! लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली, तर त्यांना ती नम्रता वाटली.

चंद्रव्वा मागे उभी होती. बाहेर आल्यावर माझ्यापाशी येऊन म्हणाली, "सर, तवा आण्णा असं का म्हनले? काय वाचलं न्हाई तुमी?"

मला सांगता आलं नाही. गर्दी होती, चपला सापडत नव्हत्या, अशी कारणं मी स्वतःला देत होतो. अण्णांनी पन्नास वर्षं कशी काढली असतील, ते मला तिथे हॉलच्या पायऱ्यांवर कळलं.

घरी आल्यावर वच्छला एवढंच म्हणाली, "कागद घ्या आणि जा आता. छापू नका."

२४ नोव्हेंबर, रविवार

आज गेलो.

काल निकाल लागलेत, अक्कलकोट रस्त्यावर अजून गुलाल पडलाय. आधीचे दोन रविवार बायका प्रचारसभांना गेल्या होत्या, असं मी इथे लिहिणार होतो. त्या एकदाच गेल्या होत्या. एक रविवार माझा स्वतःचा गेला.

ओट्यावर अण्णांची प्लास्टिकची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर कुणीतरी पानांची टोपली ठेवली होती. मी खाली जोत्यावर बसलो आणि खाडाखोड केलेले कागद काढले. सगळं वाचलं. १९५१. साक्षीला आलेले मित्र. नऊ वर्षं. रणगाडे. टेबलाच्या त्या बाजूला बसलेले बर्तको. बॉयलरवरचा पावोल. मग ती सभा, तो प्रश्न, खरं उत्तर आणि अण्णांनी सांगितलेलं उत्तर. मी का गाळलं, तेही सांगितलं. ते कागदावर नव्हतं, त्यामुळे नीट सांगता आलं नाही.

यावेळी टाळ्या वाजल्या नाहीत. कात्र्यांचा आवाज येत राहिला.

खातूनबी म्हणाली, "आपल्यातबी तसंच हाय की. बिड्या खराब म्हणून छाट काढणारा चेकर कोन? हमजा. आपल्याच गल्लीतला. त्याची माय बिड्या वळून मेली." दोघी-तिघींनी मान हलवली. त्या आपसात हमजाबद्दल बोलायला लागल्या, आज किती बिड्या त्यानं छाटात टाकल्या वगैरे. मला वाटलं होतं आभाळ कोसळेल. तसलं काही झालं नाही.

चंद्रव्वानं मात्र सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "त्ये मी इचारलेलं व्हय?"

"हो. तूच."

"मला याद न्हाई बगा. बटणं तेवढी याद हायती." थोडा वेळ ती दोरा गुंडाळत राहिली. "आन त्या पायी आण्णा पन्नास वर्सं कष्टी व्हते?"

"हो."

"काय बाई माणूस." तिनं पदरानं डोळे पुसले. तंबाखूचा हात लागून ते आणखीच झोंबायला लागले. "सांगायचं की तवाच. कवाबी सांगायचं. रोज हितंच तर बसत व्हतो. आमाला झेपलं नसतं असं वाटलं व्हय त्यास्नी?"

मी कागद गोळा करत होतो. 

उठायची वेळ झाली तशा बायका एकेक करून आपल्या सुपातल्या बिड्या चंद्रव्वाकडे देत गेल्या. तिनं त्या जुळवल्या, दोरा बांधला आणि जुडी माझ्यापुढे धरली. मी बिडी ओढत नाही, हे तिला माहीत आहे.

मी घेतली. अण्णांनी घेऊ दिली असती की नाही, मला माहीत नाही.